लाइन गेली रे!

आपल्या होस्टेलमध्ये सगळ्या ब्रँचेस, सगळे सेमिस्टर आणि सगळे जिल्हे एकाच वेळी एकच वाक्य ओरडतात, असा एक क्षण आठवड्यातून एकदा तरी येतोच. पंखा मंदावतो, ट्यूबलाइट मान टाकते आणि तळमजल्यापासून गच्चीपर्यंत एकच आवाज घुमतो, "लाइन गेली रेऽऽ!" मग कुणी डबा वाजवतो, कुणी शिट्टी मारतो. दहा मिनिटांनी "आली रेऽऽ!" होतं आणि जो तो आपल्या सबमिशनला लागतो.

फर्स्ट इयरला असताना माझा रूम पार्टनर सांगलीकडचा होता. पहिल्याच आठवड्यात मी अंधारात ओरडलो, "लाइन गेली!" तर तो शांतपणे म्हणाला, "कुठली?" मला प्रश्नच कळेना. मी म्हटलं, "अबे, लाइन. लाइन गेली ना!" तो म्हणाला, "अरे पण कुठली? मोबाइलची, मेसची, का तुझी?" शेवटच्या शब्दावर बाकीचे सगळे हसले आणि मित्रांनो, तेव्हापासून हा शब्द माझ्या डोक्यात घर करून बसलाय. त्यांच्याकडे म्हणे 'लाइट' जाते. आपल्याकडे लाइन जाते. लाइट गेली तर फक्त उजेड जातो. लाइन गेली की मोटर बंद, पिठाची गिरणी बंद, पाण्याची टाकी बंद, सगळंच जातं. त्यामुळे आपलाच शब्द जास्त बरोबर, असं मी त्याला ठासून सांगितलं. आज मात्र मला तितकं ठासून सांगता येत नाही. का, ते पुढे लिहितोच.

आधी हा शब्द आपण किती कामाला जुंपलाय ते बघा. मेसच्या दारात लागते ती लाइन. मध्येच घुसणारा लाइन तोडतो. कँटीनसमोर उभं राहून जी मारतात तीही लाइन (यावर अधिक लिहायला संपादक परवानगी देणार नाहीत). नागपूरला सिव्हिल लाइन्स, प्रत्येक जिल्ह्याच्या गावी पोलीस लाइन, आपल्याकडच्या बाजारात सराफा लाइन. म्हणजे घरांची रांगही लाइन आणि दुकानांची गल्लीही लाइन. बिघडलेल्या पोराला लाइनवर आणतात. सिव्हिलवाले प्लॉटवर फक्की मारून लाइन आउट देतात आणि गवंडी लाइनदोरी बांधून वीट लावतो. मुंबईच्या पाहुण्याला विचारा, तो वेस्टर्न, सेंट्रल आणि हार्बर सांगेल. आणि गावी गेलो की मावशी हमखास विचारते, "कोणती लाइन घेतली रे बाप्पा?" तिला मी इलेक्ट्रिकल सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे लाइनचीच लाइन!" एवढी नेमकी व्याख्या मला पुढे चार वर्षांत कुणी दिली नाही.

शब्दांचे अर्थ वाढतात यात इंग्रजांनाही नवल नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या संपादकांनी 'रन' या साध्या क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजले, अशी बातमी २०११ साली गाजली होती. आपण त्यातले दोनच वापरतो. सचिन काढायचा ती रन आणि व्हायवाच्या दिवशी जो होत नाही तो प्रोग्रॅम रन. पण 'लाइन'च्या बाबतीत आपण इंग्रजांना हरवलंय असं माझं मत आहे, कारण 'वीजपुरवठा' हा अर्थ त्यांच्या रोजच्या बोलण्यात मला तरी भेटला नाही. तो आपल्या शेतात पिकलाय.

माझं गाव दारव्ह्याच्या पुढे. आजोबांच्या तोंडी 'लाइन' म्हणजे फक्त एक, शकुंतलेची. यवतमाळ ते मूर्तिजापूर, अडीच फूट रुंदीची नॅरोगेज, ११३ किलोमीटर. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीच्या कारभारात १९०३ च्या सुमारास ही लाइन सुरू झाली, वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला आणि तिथून मोठ्या गाडीनं मुंबईला न्यायला. गंमत बघा, कापूस जायचा मँचेस्टरकडे आणि या लाइनवरचं वाफेचं इंजिन १९२१ साली बनलं तेही मँचेस्टरलाच. ते इंजिन १९९४ पर्यंत धावलं. मग डिझेल आलं, आणि आता ती गाडीही धावत नाही. आजोबा अजून पत्ता सांगताना "लाइनच्या अल्याड" आणि "लाइनच्या पल्याड" असंच सांगतात. वर्धा–यवतमाळ–नांदेड ही २८४ किलोमीटरची नवी ब्रॉडगेज व्हायची आहे, तिचा वर्धा ते कळंब हा तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. ते कळल्यावर आजोबा म्हणाले, "म्हणजे लाइन येऊन राह्यली!" घरातल्या बाकीच्यांनी पंख्याकडे पाहिलं.

आजोबांची दुसरी लाइन कापसाच्या बंड्यांची. १९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली. त्या काळात केंद्रावर बैलबंड्यांची लाइन लागायची आणि शेतकरी बंडीखालीच झोपायचा. या लाइनीत पुढे सरकायला ओळख लागायची असं ते सांगतात. असो. तो विषय निघाला की ते थांबत नाहीत, म्हणून मीच थांबतो.

बाबांची लाइन मात्र वेगळी. आमच्याकडे रब्बीत हरभरा आणि गहू. विहिरीवर मोटर आहे, पण ती थ्री फेजवर चालते आणि थ्री फेज येते ती पाळीनं. वर्षानुवर्षे हिशेब असा की काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. त्यामुळे गावात दोन शेतकरी भेटले की पहिला प्रश्न पावसाचा नसतो. "तुह्याकडं कवाची लाइन हाय?" "या हप्त्यात रातची हाय ना बाप्पा." एवढ्या एका वाक्यात फीडरचं शेड्यूल, झोपेचं खोबरं, थंडी, साप आणि बायकोची काळजी सगळं आलं. डिसेंबरच्या रात्री दीड वाजता पायात पाणी आणि हातात बॅटरी घेऊन दांड फोडलेला माणूस जेव्हा 'लाइन' म्हणतो, तेव्हा तो कुठल्याही टेक्स्टबुकपेक्षा जास्त काही म्हणत असतो. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली सरकारनं जी योजना काढली तिचं नाव मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी. म्हणजे आपल्या फीडरची लाइन कागदावर 'वाहिनी' झाली. माझ्या एका मित्रानं तो फलक पहिल्यांदा वाचला तेव्हा मुख्यमंत्र्यांच्या वहिनींच्या नावानं योजना आहे असं त्याला वाटलं होतं. त्याचा दोष नाही. तो शब्द त्यानं आयुष्यात टीव्हीच्या चॅनलसाठीच ऐकला होता.

इथपर्यंत हसण्यावारी नेता येतं. पुढचं नाही.

आमच्या गावातले एक काका. नाव लिहीत नाही, ते हा अंक वाचणार नाहीत, पण गावात तो पोहोचेल. मी नववीत होतो. रात्रीची लाइन होती आणि शिवारातल्या डीपीवरचा एक फ्यूज उडाला होता. लाइनमन येईपर्यंत पाण्याची पाळी जाणार, म्हणून आपल्याकडे जे सर्रास होतं तेच झालं. काका तार घेऊन स्वतःच निघाले. वाटेत असतानाच सगळीकडे अंधार झाला. कुणीतरी म्हणालं, "आता लाइनच गेली. टाकून घे फ्यूज." बोलणाऱ्याचं चुकलं नव्हतं. लाइन खरंच गेली होती. काकांनी हात घातला आणि लाइन आली.

काका वाचले. उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि कोपरापर्यंत कातडी भाजली. ते अजून शेती करतात, डवरा डाव्या हातानं धरतात.

इलेक्ट्रिकलला आल्यावर मला त्या रात्रीचं वाक्य पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. आपण 'लाइन' हा एकच शब्द तारेलाही वापरतो आणि तारेतून येणाऱ्या विजेलाही वापरतो. 'लाइन गेली' म्हटलं की कानाला वाटतं काहीतरी निघून गेलं, आता तिथं काही नाही. प्रत्यक्षात तार खांबावर जशीच्या तशी आहे. वीज कुठेतरी मागे थांबली आहे, ती कधी परत येईल ते तिथं उभ्या असलेल्या कुणालाच माहीत नाही. 'लाइन गेली' आणि 'लाइन बंद केली' यात मराठीत फक्त एका क्रियापदाचा फरक आहे. पहिल्यात करणारा कुणी नाही. दुसऱ्यात कुणीतरी सबस्टेशनला फीडर उघडलाय, त्याची वहीत नोंद झालीय, परमिट निघालंय, लाइनमननं तपासून डिस्चार्ज रॉडनं तार अर्थ केलीय आणि परमिट परत येईपर्यंत कुणी ती चालू करणार नाही. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत काकांची बोटं गेली.

रेल्वेनं हे फार पूर्वीच ओळखलं. तिथंही शब्द हाच आहे, 'लाइन क्लिअर'. पण त्याचा अर्थ 'समोर रूळ मोकळा दिसतोय' असा नाही. डोळ्याला दिसणाऱ्या गोष्टीवर तिथं विश्वासच ठेवत नाहीत. पुढच्या स्टेशननं अधिकृतपणे दिलेली परवानगी म्हणजे लाइन क्लिअर. ती मिळाल्याशिवाय गाडी पुढच्या ब्लॉकमध्ये जात नाही. बाकी जगात लाइनचे शंभर अर्थ असोत, ड्युटीवर एकच. आपल्या शकुंतलेवरही गाडी काही कुणी "जा बे, मोकळंच हाय" म्हटल्यावर सुटत नसे.

आता व्हायवाची गोष्ट. सेकंड इयर. बाहेरून आलेले एक एक्स्टर्नल होते, माणूस वाईट नव्हता. त्यांनी विचारलं, "डिफाइन लाइन व्होल्टेज." बारावीपर्यंत माझं सगळं शिक्षण मराठी माध्यमात झालेलं. वर्गात टिपलेली व्याख्या पाठ होती, ती ऐन वेळी गेली. (हो, तीही गेलीच.) माझ्या तोंडून निघालं, "सर, लाइन म्हणजे... सप्लाय." ते म्हणाले, "सप्लाय इज नॉट लाइन." मागे उभा असलेला एक जण फिसकन हसला. पुढचं मला काही सुचलं नाही.

आता जरा विचार करा. मी सातवीत असल्यापासून बाबांसोबत स्टार्टरचं झाकण उघडत आलोय. दोन फेजच्या मध्ये एकच बल्ब लावला तर तो उडतो, म्हणून दोन बल्ब सीरिजमध्ये जोडून टेस्ट लॅम्प करायचा, हे मला तेव्हापासून माहीत आहे. एका फेजला आणि न्यूट्रलला लावला तर एकच बल्ब नीट जळतो, हेही माहीत आहे. म्हणजे एक सुमारे २४० आणि दुसरं त्याच्या १.७३२ पट, ४१५ च्या आसपास, हे मी वर्गमूळ शिकण्याआधी बल्ब उडवून शिकलो होतो. एक फेज गेली की मोटर कशी घुमते, गावातले लोक कंडेन्सर लावून ती कशी ओढतात आणि मग वाइंडिंग कशी जळते, हे मी त्या सरांना अर्धा तास सांगू शकलो असतो. त्यांनी विचारलेलं मला येत होतं. ज्या शब्दानं विचारलं तो शब्द माझ्याकडे दुसऱ्याच कामावर होता.

आणि 'लाइन' एकटी नाही. लॅबमधला सगळ्यात फसवा शब्द कोणता विचाराल तर मी म्हणेन 'क्लोज'. फर्स्ट इयरला सर म्हणाले, "क्लोज द स्विच." मी क्लोज म्हणजे बंद असं मनात भाषांतर केलं आणि स्विच बंदच आहे हे पाहून हाताची घडी घालून उभा राहिलो. सर वाट बघतायत, मी वाट बघतोय. शेवटी लॅब असिस्टंट काकांनी येऊन चालू केला. आपण दार बंद करतो, दुकान बंद करतो, मोटर बंद करतो, सगळीकडे बंद म्हणजे थांबलं. सर्किट मात्र क्लोज झालं की वाहायला लागतं. उलट नळ उघडला की पाणी येतं आणि सर्किट उघडलं की करंट थांबतो. मेकॅनिकलवाल्यांचा व्हॉल्व्ह ओपन म्हणजे चालू, आमचा ब्रेकर ओपन म्हणजे बंद. हा घोटाळा इंग्रजीतलाच आहे, पण इंग्रजीत वाढलेल्या पोरानं तो लहानपणी पचवलेला असतो. आपल्याला तो १८ व्या वर्षी लॅबमध्ये पहिल्यांदा भेटतो, आणि तेव्हा समोर ४१५ व्होल्ट असतात.

यावर दोन प्रकारचे सल्ले मिळतात. पहिला, "इंग्रजी सुधारा." मान्य. मी रोज एक पान मोठ्यानं वाचतो, पार्टनर उशी फेकून मारतो. पण इंग्रजी सुधारून 'लाइन'चा गोंधळ जात नाही, कारण तो शब्द आपल्याला येतच नाही असं नाही, आपल्याला तो जास्त येतो. दुसरा सल्ला, "मराठी शब्द वापरा." आपल्या राज्यात भाषा संचालनालय १९६० सालापासून आहे, अभियांत्रिकीच्या शाखांचे परिभाषा कोश त्यांनी केलेत. आयटीआयमध्ये वीजतंत्री, तारतंत्री, जोडारी, संधाता हे शब्द पाटीवर असतात. 'जोडारी' मला मनापासून आवडतो. फिटरपेक्षा तो काम जास्त चांगलं सांगतो. पण आयटीआयमधल्या माझ्या मावसभावाला कुणी "काय करतोस?" विचारलं तर तो "फिटर" म्हणतो. २०२१ पासून एआयसीटीईनं मराठीतून इंजिनिअरिंगला परवानगी दिली, पुण्याकडे पिंपरी चिंचवड कॉलेजनं कॉम्प्युटरची मराठी तुकडी सुरूही केली. चांगलंच आहे. पण तिथंही मास्तर 'लाइन'ला काय म्हणणार? रेषा म्हटलं तर भूमिती, ओळ म्हटलं तर कविता, रांग म्हटलं तर मेस, तार म्हटलं तर कपडे वाळत घालायचे.

खरं तर 'लाइन' आपल्याला परकी आहे का, हाच मला प्रश्न पडतो. या शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या 'लिनम'मध्ये सांगतात. लिनम म्हणजे जवस. जवसाच्या खोडाच्या धाग्याची दोरी ती 'लिनिआ', आणि ताणलेल्या दोरीनं आखलेली ती लाइन. लिनन कापडही त्यातलंच. शास्त्रज्ञ आजही जवसाला लिनम म्हणतात. आणि जवस कुठला? आपल्या वऱ्हाडातला, भाकरीबरोबर चटणी करून खायचा! गवंड्याची लाइनदोरी म्हणजे एकच अर्थ दोनदा बोलणं आहे, हे मला कळलं तेव्हा मी मेसमध्ये जवसाची चटणी वाढून घेताना एकटाच हसत होतो. आपणही धाग्यावरूनच 'सूत्र' काढलं आणि ते गणिताला दिलं. तेव्हा या शब्दाला बाहेर काढा असं मी म्हणणार नाही. त्याचे सगळे अर्थ आपण कमावलेत.

माझं म्हणणं वेगळंच आहे, आणि ते सरांना उद्देशून आहे. प्रत्येक लॅबच्या पहिल्या तासाला फक्त दहा मिनिटं द्या. लाइन, फेज, लोड, क्लोज, ओपन, डेड, अर्थ असे पंधरा-वीस शब्द फळ्यावर लिहा आणि पोरांना विचारा, "तुमच्या गावी याला काय म्हणतात? हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं?" 'लोड' म्हटलं की अर्ध्या वर्गाच्या डोळ्यांसमोर बैठकीतली लोड-तक्के येतील, येऊ द्यात. मग सांगा की या खोलीत, या टेबलावर, याचा अर्थ फक्त हा. आणि व्हायवात पोरगा अडला तर एकदा तरी म्हणा, "बरं, मराठीत सांग." इंग्रजीचे दोन मार्क कापायचे तर कापा, इलेक्ट्रिकलचे कापू नका.

आणि मित्रांनो, तुमच्याकडेही एक मागणं आहे. सुट्टीत गावी जाल तेव्हा डीपीजवळ कुणी "लाइन गेली हाय" म्हटलं तर विचारा, "गेली, का बंद केली? कुणी केली? परमिट कुठंय?" तुम्हाला शहाणा म्हणतील, म्हणू द्या.

गेल्या महिन्यात मी लॅब असिस्टंट काकांना विचारून मशीन लॅबच्या दारामागे एक कागद चिकटवलाय. तीन रकाने केलेत. पहिल्यात पुस्तकातला शब्द, दुसऱ्यात गावचा अर्थ, तिसऱ्यात लॅबमधला अर्थ. आतापर्यंत अकरा शब्द झालेत. 'लाइन'समोरचा दुसरा रकाना पोरांनी इतका भरलाय की समासात लिहावं लागलं, त्यातले दोन अर्थ काकांनी खोडले. 'न्यूट्रल'समोर मात्र अजून कुणी काही लिहिलेलं नाही. तुमच्या गावी त्याला काय म्हणतात ते लिहा. पेन दोरीला बांधून ठेवलाय.